मेडिकेअर पार्ट डी: आधी गोळ्यांची यादी, मग योजना

अमेरिकेत पासष्टी जवळ आली की टपालपेटी विमा कंपन्यांच्या पाकिटांनी भरायला लागते. बाहेर हसरे आजी-आजोबा, आत 'शून्य प्रीमियम'. नोकरीत असताना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. कंपनीच्या विम्याचं एक कार्ड असायचं, तेच डॉक्टरकडे दाखवायचं, तेच फार्मसीत. निवृत्तीनंतर दवाखान्याचा विमा वेगळा आणि औषधांचा वेगळा होतो. औषधांचा विमा आपला आपण निवडायचा असतो आणि दर वर्षी पुन्हा तपासायचा असतो. हा लेख त्या औषधांच्या विम्याबद्दल आहे, म्हणजे मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या पार्ट डीबद्दल. स्वतः पासष्टीला टेकलेल्यांना तो उपयोगी पडेल आणि ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांचं सगळं बघणाऱ्या मुलांनाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्याच आधाराने आहे. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी म्हणतं, "आम्ही अमुक कंपनीचं घेतलंय, एकदम मस्त आहे." त्यांचं म्हणणं खरं असतं, पण त्यांच्या गोळ्यांपुरतं. तुमच्या गोळ्या, तुमची फार्मसी, तुमचा झिप कोड आणि चालू वर्ष यांवर सगळा हिशेब ठरतो. एकाच घरातल्या नवरा-बायकोलाही वेगवेगळ्या योजना सोयीच्या पडू शकतात, आणि तशा घ्याव्यात. पार्ट डीमध्ये 'फॅमिली प्लॅन' हा प्रकारच नाही, ज्याचं त्याचं कार्ड वेगळं.

पात्रता, आणि दोन दारं

मेडिकेअर १९६५ च्या कायद्याने आलं तेव्हा घरी घ्यायच्या औषधांचा खर्च त्यात नव्हता. तो २००३ च्या कायद्याने आला आणि १ जानेवारी २००६ पासून पार्ट डी सुरू झालं. नियम सरकारचे आहेत, पण योजना खाजगी कंपन्या विकतात. म्हणून एकाच गावात इतक्या योजना समोर येतात आणि माणूस गांगरतो.

आत शिरायला दोन दारं आहेत. पहिल्या दाराने गेलात तर मूळ मेडिकेअर ठेवायचं, म्हणजे हॉस्पिटलसाठी पार्ट ए आणि डॉक्टरसाठी पार्ट बी. हवं तर वर मेडिगॅप, म्हणजे मूळ मेडिकेअरनंतर आपल्या वाट्याला उरणारा खर्च भरणारा खाजगी पूरक विमा, घ्यायचं आणि औषधांसाठी स्वतंत्र पार्ट डी. मेडिगॅप घेतलं म्हणजे औषधंही आली असं बरेच जण धरून चालतात, पण २००६ पासून विकल्या गेलेल्या मेडिगॅपमध्ये औषधं नसतात. दुसरं दार मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजचं. त्यात एकाच खाजगी कंपनीकडे सगळं येतं, बहुतेक वेळा औषधंही. इथे एक धोका आहे. अ‍ॅडव्हांटेजची एचएमओ किंवा पीपीओ योजना (ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांच्या जाळ्यावर चालणारे हे दोन प्रकार) चालू असताना तुम्ही वेगळी पार्ट डी योजना घेतलीत, तर अ‍ॅडव्हांटेजमधून तुमचं नाव आपोआप कमी होतं. फोनवरच्या एखाद्या गोड आवाजाला 'हो' म्हणून हे नकळत होऊ शकतं.

स्वतंत्र पार्ट डी घ्यायला पार्ट ए किंवा पार्ट बी, दोन्हींपैकी एक असलं तरी चालतं. इथे साधारण १० वर्षं, म्हणजे ४० तिमाही, काम करून मेडिकेअरचा कर भरला असेल तर पार्ट एचा हप्ता नसतो, आणि जोडीदाराच्या नोकरीवरही तो मिळू शकतो. मुलांकडे ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांची गोष्ट वेगळी असते. त्यांनी इथे नोकरी केलेली नसते. वयाची ६५ वर्षं पूर्ण आणि इथलं सलग ५ वर्षांचं वास्तव्य झालं की त्यांना पैसे भरून पार्ट बी घेता येतो, आणि त्याच्या जोरावर पार्ट डी. नाव नोंदवायची त्यांची मुदत पाच वर्षं भरतात त्या महिन्याभोवती मोजली जाते, म्हणून ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

तारखा आणि जन्मभराचा भुर्दंड

पहिल्या नोंदणीला सात महिने मिळतात: पासष्टाव्या वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. वाढदिवस १ तारखेला असेल तर सगळं एक महिना अलीकडे सरकतं. त्यानंतर योजना बदलायची संधी दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात येते आणि नवी योजना १ जानेवारीपासून लागू होते. आपल्याकडे याच दिवसांत दसरा-दिवाळीची गडबड असते. फराळाच्या यादीशेजारी ही तारीखही फ्रिजवर चिकटवून ठेवा.

"मला कुठलीच गोळी नाही, मग हप्ता कशाला भरू?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर भुर्दंडात आहे. पहिली मुदत संपल्यावर पार्ट डी किंवा त्याच्या तोडीचं दुसरं औषधांचं संरक्षण नसताना सलग ६३ किंवा जास्त दिवस गेले, तर पुढे कधीही योजना घेतलीत तरी हप्त्यावर दंड बसतो. विमा नसलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय आधार-हप्त्याच्या, म्हणजे सरकार दर वर्षी जाहीर करतं त्या आकड्याच्या, १ टक्का, असा तो दंड असतो. २०२६ साठी हा आधार-हप्ता ३८.९९ डॉलर आहे. समजा २० महिने उशीर झाला, तर २० टक्के म्हणजे महिन्याला सुमारे ७.८० डॉलर. रक्कम किरकोळ वाटते, पण ती पार्ट डी असेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, भरावी लागते आणि आधार-हप्ता वाढला की तीही वाढते. म्हणून गोळी नसलेल्या माणसाने आपल्या भागातली सगळ्यात कमी हप्त्याची योजना घेऊन ठेवावी. कधी बीपीची गोळी सुरू होईल सांगता येत नाही, आणि वर्षाच्या मधे कारणाशिवाय योजना घेता येत नाही.

अजून नोकरी चालू असेल, किंवा जोडीदाराच्या नोकरीवर विमा असेल, तर घाई करायची गरज नाही. मात्र त्या विम्यातलं औषधांचं संरक्षण मेडिकेअरच्या तोडीचं आहे असं कंपनीचं पत्र हवं. हे पत्र दर वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येतं आणि बहुतेक घरांत रद्दीत जातं. ते फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे पार्ट डी घेताना 'मधल्या काळात विमा होता' हे त्याच कागदावर सिद्ध होतं. निवृत्तांसाठी जुन्या कंपनीचा विमा चालू असेल तर पार्ट डी घेण्याआधी त्यांच्या एचआरला विचारा. काही ठिकाणी पार्ट डी घेतल्यावर कंपनीचा सगळा विमाच बंद होतो, कधी जोडीदाराचाही.

पहिलं काम: टेबलावर सगळ्या बाटल्या

बहुतेक लोक योजनांच्या जाहिरातींपासून सुरुवात करतात. तुम्ही औषधांच्या डब्यापासून करा. स्वयंपाकघराच्या टेबलावर सगळ्या बाटल्या मांडा, चष्मा लावा आणि प्रत्येक लेबलवरून पाच गोष्टी कागदावर उतरवा: औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, गोळी की कॅप्सूल, दिवसातून किती वेळा आणि महिन्याला किती नग. डोळ्यांचे थेंब, इनहेलर, इन्सुलिनची पेनं विसरू नका. हमखास तीच राहून जातात आणि बऱ्याचदा तीच महाग असतात.

भारतातून औषधं आणणाऱ्यांचं घोडं पहिल्याच पायरीवर अडतं. ग्लायकोमेट, टेल्मा, थायरोनॉर्म ही आपल्या 'मेडिकल'मधली नावं इथल्या यंत्रणेला ओळखीची नाहीत. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत मूळ नाव असतं ते घ्या: ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन इथे चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे पार्ट डीत येत नाही. कॅल्शियमच्या आणि बहुतेक जीवनसत्त्वांच्या गोळ्याही येत नाहीत.

त्याहून मोठी अडचण अशी की काही औषधं अमेरिकेत मंजूरच नाहीत. ग्लिक्लाझाइड, विल्डाग्लिप्टिन, बीपीसाठीची सिल्निडिपिन ही भारतात कित्येक ज्येष्ठ रोज घेतात, पण इथल्या कुठल्याच फार्मसीत ती मिळणार नाहीत. एकाच गोळीत दोन-तीन औषधं एकत्र करण्याची भारतात जी पद्धत आहे, त्यातल्या बऱ्याच जोड्याही इथे नाहीत. म्हणून आई-वडिलांच्या बाबतीत क्रम पक्का ठेवा: आधी इथल्या डॉक्टरांची भेट, त्यांच्याकडून इथे मिळणाऱ्या पर्यायी औषधांची चिठ्ठी, आणि मग त्या नव्या यादीवर योजना. जुन्या यादीवर निवडलेली योजना महिन्याभरात निरुपयोगी ठरते. आणि पर्यायी गोळी डॉक्टरांनीच ठरवायची, इंटरनेटवर बघून आपण नाही.

यादी करताना आणखी एक बारकावा मधुमेह असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. मेटफॉर्मिनची हळूहळू विरघळणारी गोळी, जिच्या लेबलवर 'ईआर' लिहिलेलं असतं, ती एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रकारांत येते. ग्लुकोफाज एक्सआरची जेनेरिक अगदी स्वस्त असते. फोर्टामेट किंवा ग्लुमेट्झा यांची जेनेरिक कित्येक पट महाग असू शकते. संगणकावर यादी भरताना हे सगळे प्रकार एकाखाली एक दिसतात. चुकीच्या ओळीवर बोट पडलं की सगळा हिशेब फिरतो. बाटली हातात धरून, शंका असेल तर फार्मसिस्टला विचारून, नेमका प्रकार निवडा. आणि डॉक्टरांनी महागडा प्रकार लिहिलेला आढळला, तर स्वस्त प्रकार चालेल का हे जरूर विचारा.

जी औषधं दवाखान्यात सुईने किंवा सलाइनमधून दिली जातात ती साधारणपणे पार्ट बीच्या खात्यात जातात. ती या यादीत नकोत.

दुसरं काम: सरकारी संकेतस्थळावर यादी भरणं

मेडिकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर योजनांची तुलना करायची सोय आहे. झिप कोड टाका, स्वतंत्र औषध योजना की अ‍ॅडव्हांटेज ते निवडा, यादीतली औषधं भरा आणि जवळच्या चार-पाच फार्मसी निवडा, त्यात टपालाने औषधं पाठवणारीही घ्या. खातं उघडून हे केलंत तर यादी साठवलेली राहते आणि पुढच्या वर्षी दहा मिनिटांत काम होतं.

निकाल आला की योजना 'हप्ता अधिक औषधांचा वर्षाचा खर्च' या क्रमाने लावा. नुसत्या हप्त्याच्या क्रमाने लावलेली यादी फसवी असते. मग पहिल्या तीन योजना उघडून फार्मसीनुसार आकडे बघा. प्रत्येक योजनेची काही दुकानं 'पसंतीची' असतात आणि काही नुसती नेटवर्कमधली. तीच गोळी, तीच योजना, पण रस्त्याच्या या बाजूच्या दुकानात एक भाव आणि समोरच्या दुकानात दुसरा. वर्षानुवर्षं ज्या फार्मसीत जाता तिच्यावरच अडून बसू नका, पण तिथल्या फार्मसिस्टवर खरोखर भरवसा असेल तर थोडे जास्त पैसे मोजणंही चुकीचं नाही. माझ्या मते अनेक औषधं घेणाऱ्या माणसासाठी ओळखीचा, प्रश्नांना उत्तर देणारा फार्मसिस्ट मोलाचा आहे.

तिसरं काम: स्वतः बेरीज करणं

संगणक बेरीज करून देतो, पण ती कशी झाली हे कळलं की भीती जाते. खर्चाचे टप्पे असे आहेत. आधी महिन्याचा हप्ता, तो प्रत्येक योजनेचा वेगळा. मग डिडक्टिबल, म्हणजे विमा हातभार लावायच्या आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम. २०२६ मध्ये ती जास्तीत जास्त ६१५ डॉलर असू शकते. काही योजनांत ती शून्य असते, काहींत फक्त महागड्या गटातल्या औषधांना लागते. त्यानंतर प्रत्येक औषधामागे कोपे, म्हणजे दर वेळी फार्मसीत भरायची ठरावीक रक्कम, किंवा किमतीचा काही टक्का, मूळ रचनेत २५ टक्के. आणि २०२६ मध्ये वर्षभरात योजनेच्या यादीतल्या औषधांवरचा तुमचा खर्च २,१०० डॉलरला पोचला की उरलेल्या वर्षात त्या औषधांचं तुम्हाला काही द्यावं लागत नाही.

ही शेवटची मर्यादा २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टमुळे आली. २०२५ मध्ये ती २,००० डॉलर होती. त्याआधी पार्ट डीच्या मधोमध 'डोनट होल' नावाचा खड्डा होता, ज्यात ठरावीक खर्चानंतर माणसाचा वाटा वाढायचा. जुने लोक अजून त्याच्याबद्दल घाबरवतात. तो आता नाही. कॅन्सर किंवा संधिवाताची महागडी औषधं घेणाऱ्या घरांना या मर्यादेने केवढा दिलासा दिला आहे, हे ज्यांनी आधीची बिलं पाहिली आहेत त्यांनाच कळेल.

आता एक उदाहरण. समजा, काकांना रक्त पातळ ठेवायला एलिक्विस लागते. मेडिकेअरने ज्या पहिल्या दहा औषधांचे भाव कंपन्यांशी घासाघीस करून ठरवले त्यात ती आहे, आणि २०२६ पासून तिचा ठरलेला भाव ३० दिवसांसाठी २३१ डॉलर आहे. वर्षाचे झाले २,७७२.

पहिल्या योजनेचा हप्ता महिन्याला ५ डॉलर, डिडक्टिबल ६१५, पुढे २५ टक्के. काका आधी ६१५ भरतील, उरलेल्या २,१५७ चे २५ टक्के म्हणजे सुमारे ५३९, आणि हप्त्याचे ६०. एकूण सुमारे १,२१४ डॉलर. दुसऱ्या योजनेचा हप्ता ४० डॉलर, पण एलिक्विसला डिडक्टिबल नाही आणि कोपे ४७. वर्षाचा हप्ता ४८०, कोपे ५६४, एकूण १,०४४. आठपट हप्त्याची योजना काकांना १७० डॉलरनी स्वस्त पडली.

काकूंना फक्त अ‍ॅम्लोडिपिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, दोन्ही जेनेरिक, आणि समजा दोन्ही योजनांत त्यांना काहीच भरावं लागत नाही. काकूंचा वर्षाचा खर्च पहिल्या योजनेत ६० डॉलर आणि दुसऱ्या योजनेत ४८०. दोघांनी सवयीने एकच कंपनी घेतली तर कुणीतरी एक जण विनाकारण शेकडो डॉलर घालवणार. उदाहरणातले हप्ते आणि कोपे मी सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या झिप कोडचे आकडे निराळे असतील. पण बेरीज अशीच करायची.

पहिल्या योजनेत काकांचा खर्च महिन्यांत कसा विभागला जातो तेही बघा. जानेवारीत २३१, फेब्रुवारीत २३१, मार्चमध्ये सुमारे १७३ आणि मग दर महिन्याला ५८ च्या आसपास. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला वर्षाच्या सुरुवातीचा हा भार जड जातो. त्यासाठी २०२५ पासून खर्च महिन्यांत वाटून घ्यायची सोय झाली आहे, तिचं नाव मेडिकेअर प्रिस्क्रिप्शन पेमेंट प्लॅन. व्याज नाही, वेगळं शुल्क नाही. ती एकूण खर्च कमी करत नाही, फक्त पसरवते. आपल्या योजनेला फोन करून ती सुरू करून घ्या, आणि शक्यतो वर्षाच्या सुरुवातीलाच. नोव्हेंबरमध्ये वाटायला महिनेच उरलेले नसतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक चांगला नियम आहे. योजनेच्या यादीतल्या प्रत्येक इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरच्या वर लागत नाहीत, डिडक्टिबल भरायचं राहिलेलं असलं तरी. नागिणीची लस आणि प्रौढांसाठी शिफारस केलेल्या पार्ट डीतल्या इतर लसी मोफत आहेत. नागीण झालेल्या माणसाची आग ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना ती लस घ्या म्हणून वेगळं सांगावं लागत नाही.

बारीक अक्षरं

प्रत्येक योजनेची औषधांची यादी असते, तिला फॉर्म्युलरी म्हणतात. बहुतेक योजनांत यादीतली औषधं पाच गटांत विभागलेली असतात, खालच्या गटात स्वस्त जेनेरिक आणि वर महागडी. तुमची गोळी यादीत आहे एवढं बघून थांबू नका, तिच्यापुढे काही अट आहे का तेही बघा. अटी तीन प्रकारच्या असतात. कधी औषध देण्याआधी योजनेची मंजुरी लागते. कधी आधी स्वस्त औषध घेऊन बघा, त्याने भागलं नाही तरच हे, असा पायरीचा नियम असतो. आणि कधी महिन्याला अमुकच नग अशी मर्यादा असते. वर्षानुवर्षं एखाद्या औषधावर स्थिर असलेल्या माणसासाठी पायरीचा नियम फार त्रासाचा. दोन योजनांचा खर्च सारखाच असेल तर अट नसलेली निवडा.

औषध नाकारलं गेलं तर काउंटरवर हताश होऊन परत येऊ नका. डॉक्टरांच्या पाठिंब्याच्या पत्रासह अपवाद मागता येतो. पत्र पोचल्यावर योजनेने साधारण ७२ तासांत आणि तातडीच्या प्रकरणात २४ तासांत निर्णय द्यायचा असतो. 'तातडीचं' हा शब्द डॉक्टरांनी लिहायला हवा, तो त्यांना आठवणीने सांगा.

कूपन दाखवून रोखीने औषध घेणं कधीकधी विम्यापेक्षा स्वस्त पडतं, विशेषतः साध्या जेनेरिकच्या बाबतीत. घ्यायला हरकत नाही, पण विमा न वापरता दिलेले पैसे सहसा २,१०० च्या मर्यादेत मोजले जात नाहीत. मोठा खर्च होणार असेल त्या वर्षी सगळं विम्यातूनच घ्या.

उत्पन्न जास्त असेल तर, आणि कमी असेल तर

उत्पन्न एका पातळीच्या वर गेलं की पार्ट डीवर अधिभार लागतो. तो योजनेला न देता सरकारला द्यायचा असतो, बहुधा सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या, चेकमधून परस्पर कापला जातो. २०२६ साठी ही पातळी एकट्या माणसाला १,०९,००० डॉलर आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला २,१८,००० डॉलर आहे, आणि बघितलं जातं ते दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे २०२४ चं उत्पन्न. निवृत्तीच्या आधीचा पगार असा मागून येऊन गाठतो. नोकरी थांबल्यामुळे उत्पन्न घटलं असेल तर सोशल सिक्युरिटीच्या एसएसए-४४ या फॉर्मवर फेरविचार मागता येतो. घर किंवा शेअर विकून एका वर्षात उत्पन्न फुगलं असेल तर मात्र या फॉर्मचा उपयोग होत नाही.

उत्पन्न आणि शिल्लक दोन्ही कमी असतील तर 'एक्स्ट्रा हेल्प' नावाची मदत आहे. दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांपर्यंत उत्पन्न आणि ठरावीक मर्यादेत बचत असेल तर डिडक्टिबल जातं, कोपे अगदी थोडा उरतो आणि उशिराचा दंडही माफ होतो. अर्ज सोशल सिक्युरिटीकडे करायचा. मुलांकडे राहणाऱ्या आई-वडिलांच्या बाबतीत मुलाचा पगार त्यांच्या उत्पन्नात धरला जात नाही, पण भारतातलं पेन्शन, भाडं, मुदत ठेवी हे सगळं खरं-खरं सांगावं लागतं. 'आपण मदत कशी मागायची' या संकोचापायी पात्र लोक अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

विचारायचं कुणाला

प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्ला सेवा आहे. कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात. तिथले सल्लागार काहीही विकत नाहीत, कमिशन घेत नाहीत, आणि यादी घेऊन तुमच्याबरोबर बसतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच वेळ मागून घ्या, डिसेंबरात रांग लागते. एजंटकडे जायला हरकत नाही, पण तो सहसा सगळ्या कंपन्यांच्या योजना विकत नाही हे ध्यानात ठेवा आणि त्याने सुचवलेली योजना सरकारी संकेतस्थळावर ताडून बघा. ओळखपाळख नसताना फोन करून योजना विकायला कायद्याने मनाई आहे. असा फोन आला तर मेडिकेअर क्रमांक सांगायचा नाही, सरळ ठेवून द्यायचा.

मेडिकेअरचा स्वतःचा फोन १-८००-६३३-४२२७. दुभाषी मोफत मिळतो. आई-बाबांना इंग्रजीत बोलायचं दडपण असेल तर सुरुवातीलाच मराठी दुभाषी मागा. त्यांच्या वतीने तुम्ही बोलणार असाल तर त्यांची लेखी परवानगी आधीच नोंदवून ठेवा, नाहीतर दर वेळी त्यांना झोपेतून उठवून फोनवर 'येस' म्हणायला लावावं लागतं.

हिवाळा पुण्यात काढणाऱ्यांसाठी

भारतात घेतलेल्या औषधांचे पैसे पार्ट डी देत नाही, पावती कितीही व्यवस्थित असली तरी. जाण्याआधी ९० दिवसांची औषधं घ्या. त्याहून जास्त राहणार असाल तर योजनेकडे प्रवासासाठी वाढीव पुरवठा मागा. काही योजना देतात, काही नाही, म्हणून तिकीट काढलं की लगेच फोन करा.

मुक्काम लांबला तर वेगळा प्रश्न उभा राहतो. अ‍ॅडव्हांटेज योजनेच्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर साधारणपणे नाव कमी होतं. स्वतंत्र पार्ट डीला ही मुदत बारा महिने आहे. वर्षाचे सात-आठ महिने भारतात काढायचा बेत असणाऱ्यांना म्हणूनच मूळ मेडिकेअर आणि स्वतंत्र पार्ट डी हे दार जास्त सोयीचं. परदेशात कायम राहायला गेलेला माणूस अमेरिकेत परत राहायला आला, तर परतल्यानंतर पूर्ण दोन महिने त्याला योजना घ्यायची खास मुदत मिळते.

सप्टेंबरचं पाकीट आणि जानेवारीतली पहिली फेरी

दर वर्षी सप्टेंबरअखेर तुमच्या योजनेकडून पुढच्या वर्षीच्या बदलांची सूचना येते. जाहिरातींच्या ढिगातलं हे एकच पाकीट नक्की उघडायचं. हप्ता किती वाढला, डिडक्टिबल बदललं का, तुमची गोळी यादीतून गेली का, तुमची फार्मसी पसंतीच्या यादीतून गेली का, एवढं पेन घेऊन खूण करा आणि साठवलेली यादी संकेतस्थळावर पुन्हा चालवून बघा. योजना बदलायची ठरली तर नव्या योजनेत नाव घातलं की जुनी आपोआप बंद होते, वेगळं पत्र लिहावं लागत नाही.

नवं कार्ड डिसेंबरात येतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या कार्डावर औषधं भरून घ्या, म्हणजे जानेवारीचे पहिले दिवस निवांत जातात. मग पहिल्या फेरीला नवं कार्ड, मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कार्ड आणि यादी घेऊन फार्मसीत जा आणि जुन्या कार्डाची नोंद त्यांच्या संगणकातून काढून टाकायला सांगा. एखादं औषध नव्या योजनेत अडकलं, तर पहिल्या ९० दिवसांत एकदा साधारण महिन्याभराचा तात्पुरता पुरवठा मिळायचा नियम आहे. काउंटरवरच्या माणसाला तो माहीत नसेल तर 'ट्रान्झिशन फिल' हे शब्द वापरून मागा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पर्यायी गोळी किंवा अपवादाचं पत्र, दोन्हींपैकी जे जमेल ते मार्गी लावा.